जंगलातील अभ्यास शिबिरासाठी सामान कसे बांधावे

नागपुरात प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची अभ्यास शिबिरे बहुतेक डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि पेंच, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, बोर किंवा नवेगाव-नागझिरा यांपैकी एखाद्या जंगलाच्या काठावर चार-पाच दिवस मुक्काम करतात. निघण्याच्या दिवशी पहाटे गणेशपेठ बसस्थानकावर रांगेत ठेवलेल्या सॅका पाहिल्या, की सहलीच्या तयारीने कोण आले आहे आणि अभ्यासाच्या तयारीने कोण, हे बस सुटण्याआधीच कळते. सहलीत माणूस चालत राहतो, बोलत राहतो, थंडी वाजली तर शेकोटीजवळ जातो. शिबिरात त्याला थांबावे लागते. पाणवठ्याच्या काठी दोन तास न हलता बसणे, दहा मीटरच्या चौकोनातील प्रत्येक झाड मोजून होईपर्यंत त्याच जागी राहणे, ओणवे होऊन गवताचे ठोंब मोजणे आणि हे सारे चालू असताना नंतर वाचता येईल अशा अक्षरात लिहिणे, हेच तेथील मुख्य काम असते. म्हणून सॅकमध्ये टाकण्यापूर्वी प्रत्येक वस्तूबद्दल एवढेच विचारावे, की तिच्यामुळे मला अधिक वेळ एका जागी बसता येईल का, किंवा माझी नोंद अधिक चांगली होईल का. औषधे, ओळखपत्र आणि अंगावरचे कपडे सोडले, तर या कसोटीला न उतरणारी वस्तू घरीच राहू द्यावी.

आधी दिवसाचा क्रम समोर ठेवावा, कारण सामान त्यावरूनच ठरते. पहाटे साडेपाचला उठणे, उजाडता उजाडता पक्षिनिरीक्षण किंवा रेषामार्गावरील चाल (ठरलेल्या सरळ वाटेने चालत दिसतील ते प्राणी मोजणे), नऊनंतर नाश्ता, दहा ते एक झाडांची मोजणी, दुपारी नोंदींची जुळवाजुळव, चारनंतर पुन्हा पाणवठा किंवा तळे आणि रात्री चर्चा, असा तो साधारणपणे असतो. यात पहाट आणि दुपार हे जणू दोन वेगळे ऋतू असतात. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. दरवर्षी एवढी थंडी पडत नाही, पण जंगलातील नाल्याकाठी पहाटे शहरापेक्षा अधिक गारठा असतो, आणि त्याच दिवशी दुपारी अंगावर फक्त सदरा पुरतो.

म्हणून एकच जाडजूड जॅकेट घेऊ नये. ते सकाळी सातला अपुरे पडते आणि दहाला ओझे होऊन बसते. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, त्यावर पातळ लोकरी स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडवणारे हलके विंडचीटर असे तीन थर घ्यावेत, म्हणजे ऊन चढेल तसा एकेक थर काढून सॅकमध्ये टाकता येतो. कानटोपी विसरू नये. हातमोजे घ्यावेत, परंतु उजव्या हाताच्या मोज्याची अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची टोके कापून घ्यावीत, कारण पूर्ण मोजा घालून पेन्सिल धरता येत नाही आणि मोजा काढला तर पाच मिनिटांत बोटे आखडतात. कपड्यांचे रंग खाकी, मातकट किंवा फिकट हिरवे असावेत. पांढरा आणि लाल टाळावा. लष्करी छापाचे कपडे बाजारात सर्रास मिळतात, पण ते घालून जंगलाच्या काठच्या गावांतून फिरणाऱ्या अनोळखी मुलांकडे लोक संशयाने पाहतात, आणि गावकऱ्यांशी बोलणे हाही शिबिराचा भाग असल्यामुळे ते नकोतच.

पावसाळ्यानंतर या जंगलांत कुसळी गवत पिकते, त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे. त्याचे टोकदार बी पायजम्यात, मोज्यांत आणि बुटाच्या जिभेत शिरते. दवाची ओल लागली की बियाची शेपटी पीळ सोडू लागते आणि बी स्क्रूसारखे आत आत जाते. लोकरी किंवा विणीच्या मोज्यांत घुसलेली कुसळे काढण्यात रोजचा अर्धा तास जातो आणि ती टोचत असताना कोणीही स्थिर बसू शकत नाही. उपाय स्वस्त आहे. गुळगुळीत विणीच्या कापडाची पँट घ्यावी आणि घोट्यापासून पोटरीपर्यंत चढतील अशा दोन पट्ट्या जुन्या छत्रीच्या कापडातून मोहल्ल्यातल्या शिंप्याकडून शिवून घ्याव्यात. खाली बुटाच्या नाडीला अडकवायला हूक आणि वर इलास्टिक एवढे पुरते. याच पट्ट्या गोचीड आणि त्याहून बारीक किड्यांपासूनही पाय वाचवतात, ज्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे.

दुपट्टा घेण्याविषयी नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. उन्हाळ्यात तो बांधल्याशिवाय येथे दुचाकी चालत नाही. शिबिरात मात्र मोठा, सुती आणि मातकट रंगाचा घ्यावा. पहाटे तो मफलर होतो, दुपारी डोके झाकतो, हात मुरगळला तर गळ्यात झोळी होतो आणि आग्या मोहोळ उठले तर तोंड झाकून पळण्यासाठी त्याच्याइतके जवळ दुसरे काहीच नसते. त्याच मधमाश्यांचा विचार करून अत्तर, सुगंधी तेल आणि उग्र वासाचे साबण सॅकबाहेर ठेवावेत.

बूट नवे घेऊ नयेत, आणि फार जुनेही नकोत. नवा बूट पहिल्याच दिवशी टाच सोलतो, म्हणून निदान दोन आठवडे आधीपासून रोज घालावा. जुन्याची गंमत वेगळी: माळ्यावर दोन-तीन नागपुरी उन्हाळे काढलेल्या बुटाच्या तळव्याचा डिंक वाळलेला असतो. माझ्या एका बुटाचा तळवा शिबिराच्या दुसऱ्या दिवशी नाल्यात पूर्ण सुटला, आणि उरलेले तीन दिवस मी तो सुतळीने बांधून वावरलो. तेव्हापासून निघण्याच्या आठवडाभर आधी तळवा दोन्ही हातांनी वाकवून पाहतो. बुटाबाबत आणखी एक काम आहे, आणि ते परिसंस्थेच्या अभ्यासकाने तरी टाळू नये. निघण्यापूर्वी तळव्याच्या खाचांतील माती आणि नाड्यांत अडकलेले बी जुन्या दातांच्या ब्रशने काढून बूट धुऊन वाळवावेत. गाजरगवताचे बारीक बी चिखलाबरोबर सहज प्रवास करते, आणि शहरातल्या पडीक प्लॉटवरचे तण आपल्याच पायांनी जंगलात नेऊन मग तिथे आगंतुक वनस्पतींवर व्याख्यान ऐकणे बरे दिसत नाही.

बसण्याची सोय ही विद्यार्थ्यांच्या यादीत कधीच नसते. थंड, ओल्या जमिनीवर वीस मिनिटांत माणूस चुळबुळू लागतो आणि चुळबुळणाऱ्या माणसाजवळ भारद्वाजही येत नाही. गादीवाल्याकडून जाड फोमचा एक फूट चौरस तुकडा आणून त्यावर रेक्झिनची खोळ शिवावी. वजन नगण्य आणि उपयोग रोजचा. मुक्कामाला झोपण्यासाठी पातळ चादरीवर विसंबू नये. स्लीपिंग बॅग नसेल तर घरची गोधडी न्यावी, आणि खाली अंथरायला एक सतरंजी.

आता नोंदवहीकडे वळतो, कारण शिबिराहून परतताना सोबत येणारी खरी मिळकत तीच असते. नवेगावच्या तळ्याकाठी एका डिसेंबरात मी जेल पेनने तीन सकाळच्या पक्ष्यांच्या नोंदी लिहिल्या होत्या. तिसऱ्या रात्री वही दवात बाहेर राहिली आणि सकाळी पानांवर फिकट निळ्या ढगांखेरीज काही उरले नव्हते. पेन्सिलची अक्षरे ओली झाली तरी पुसत नाहीत, म्हणून एचबी पेन्सिली तीन, शार्पनर एक आणि त्यातील एक पेन्सिल दोऱ्याने वहीला बांधलेली, असा माझा नेम आहे. वही शिवलेली, जाड पुठ्ठ्याची आणि सदऱ्याच्या किंवा पँटच्या खिशात मावेल अशी असावी. गोंदाने चिकटवलेल्या वहीची पाने दवाने सुटतात. सुटे कागद तर मुळीच नेऊ नयेत.

घरी असतानाच पहिल्या काही पानांवर रकाने आखून घ्यावेत: दिनांक, सुरू केल्याची व संपवल्याची वेळ, ठिकाण, हवामान, सोबत कोण होते, किती अंतर चाललो, काय दिसले, किती, काय करताना. शेवटून दुसरा रकाना, म्हणजे संख्या, विद्यार्थी भरतात. वेळ आणि अंतर मात्र हमखास विसरतात, आणि ती दोन नसतील तर ‘चितळ १४’ या नोंदीची दुसऱ्या कोणत्याही दिवसाशी तुलना करता येत नाही. काहीच दिसले नाही तर तेही लिहावे. ‘६.१० ते ८.१०, सस्तन प्राणी शून्य’ ही पूर्ण नोंद आहे.

दुसरी, मोठी वही मुक्कामावर ठेवावी आणि रोज रात्री खिशातील वहीवरून तीत सविस्तर लिहून काढावे. ही शिस्त अमेरिकेतील प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल यांनी घालून दिली. १९०८ पासून ते बर्कले येथील पृष्ठवंशीय प्राण्यांच्या संग्रहालयाचे संचालक होते, आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रोजनिशी, प्रत्येक प्रजातीचे स्वतंत्र टिपण व नमुन्यांची सूची अशा तीन भागांत लिहावे लागे. त्या वह्या इतक्या काटेकोर होत्या, की सुमारे शंभर वर्षांनी नव्या अभ्यासकांनी कॅलिफोर्नियातील त्याच जागा शोधून काढल्या आणि तेथील प्राणी कोठून कोठे सरकले हे तुलनेने पाहिले. आपल्या वहीतही ठिकाण असेच लिहावे, की दहा वर्षांनी दुसऱ्याला तेथे उभे राहता येईल. ‘नाल्याजवळ’ एवढे पुरेसे नाही.

मोजमापाच्या साहित्यापैकी बरेचसे गटाचे असते, आणि कोणी काय आणायचे हे आधी वाटून घेतले नाही तर पाच टेप येतात आणि खुंटी एकही येत नाही. झाडांसाठी दहा मीटर बाय दहा मीटर, झुडपांसाठी पाच बाय पाच आणि गवत व लहान रोपांसाठी एक बाय एक मीटरचे चौकोन आखण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. मोठ्या चौकोनासाठी चाळीस मीटरपेक्षा थोडी अधिक लांब नायलॉन दोरी घ्यावी. इतवारीत दोरी, सुतळी आणि खुंट्यांसाठी लागणारी सळई एकाच फेरीत मिळते. दोरीवर दर दहा मीटरला लाल चिंधी बांधावी. सुती दोरी नको, कारण ती दवाने आखडते. नायलॉनचीही ताणली जाते, म्हणून निघण्यापूर्वी गच्चीवर किंवा मैदानात टेपला लावून चिंध्यांच्या जागा तपासाव्यात.

चौकोन खरोखर चौकोन आहे की सरकून शंकरपाळ्यासारखा झाला आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. चारही बाजू दहा मीटर असल्या, की कर्ण मोजावा, तो १४.१४ मीटर भरला पाहिजे, आणि पाच मीटरच्या चौकोनात ७.०७ मीटर. हे आकडे वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावेत. चारही खुंट्यांच्या डोक्याला रंगीत चिंधी असावी आणि जागा सोडताना त्या मोजून उचलाव्यात, कारण गवतात राहिलेली दोरी चितळाच्या पायात अडकू शकते.

झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजतात. प्रत्येक झाडाजवळ ही उंची नव्याने मोजत बसण्याऐवजी एका काठीवर खूण करून ती सोबत ठेवावी, किंवा ती उंची आपल्या सदऱ्याच्या कोणत्या गुंडीशी येते ते एकदा पाहून ठेवावे. घेरासाठी शिंप्याची दीड मीटरची टेप चांगली. जुन्या मोहाचा किंवा अर्जुनाचा घेर तिच्यात मावला नाही तर सुतळी गुंडाळून ती नंतर टेपवर मोजावी. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो, म्हणजे ९४ सेंटिमीटर घेराचा साग जवळजवळ ३० सेंटिमीटर व्यासाचा असतो. मोजलेल्या झाडावर खडूने रेघ ओढावी, म्हणजे तेच झाड दोनदा मोजले जात नाही आणि पहिल्या पावसात रेघ धुऊन जाते. खिळा, ऑइल पेंट किंवा सालीवर कोयत्याची खूण यांपैकी काहीही करू नये.

झाडाची उंची काढण्याचे यंत्र विकत घेण्याची गरज नाही. कंपासपेटीतील कोनमापकाच्या मध्यावर दोरा बांधून त्याला बोल्टच्या लोखंडी नटाचे वजन लावावे, सरळ कडेवरून शेंड्याकडे पाहत मागे मागे सरकावे आणि दोरा ४५ अंशांचा कोन दाखवील तेथे थांबावे. सपाट जमिनीवर त्या जागेपासून झाडापर्यंतचे अंतर अधिक आपल्या डोळ्यांची उंची म्हणजे झाडाची उंची. शिबिरात विद्यार्थ्यांना सर्वांत आवडणारे साधन बहुधा हेच असते. त्याखेरीज तीस मीटरची फायबरची टेप, होकायंत्र, साधा तापमापक, दहापट दाखवणारे हातभिंग आणि पंधरा सेंटिमीटरची पट्टी लागते. होकायंत्र वापरताना मोबाइल, सळई आणि गाडी यांच्यापासून दूर उभे राहावे, नाहीतर सुई भलतीच दिशा दाखवते. हातभिंग गळ्यात दोरीने अडकवावे आणि वापरताना ते डोळ्याशी धरून वस्तू जवळ आणावी. भिंग वस्तूवर धरून वर वाकणे ही चूक सगळेच करतात.

पंधरा सेंटिमीटरची पट्टी विशेष महत्त्वाची, कारण जंगलातून काहीही उचलून आणायचे नसते. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात परवानगीविना पानसुद्धा तोडू नये, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार चितळाचे गळून पडलेले शिंग किंवा मोराचे पीस ‘सापडले’ म्हणून सॅकमध्ये टाकणे ही अडचणीत आणणारी गोष्ट आहे. ठसे, विष्ठा, सालीवरील नखांच्या खुणा आणि पिसे यांचे फोटो पट्टी शेजारी ठेवून, कॅमेरा बरोबर वर धरून घ्यावेत. तिरप्या फोटोवरून माप काढता येत नाही. वनस्पती दाबण्याची चौकट आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा शिक्षकांनी सांगितले असेल आणि परवानगी असेल तरच न्यावा.

दुर्बीण निवडताना मोठा आकडा म्हणजे चांगली दुर्बीण, असा समज असतो. ८×४२ मध्ये पहिला आकडा किती पट जवळ दिसते तो आणि दुसरा समोरच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास निघतो: ८×४२ चा सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ चा ४.२. पहाटेच्या अंधुक प्रकाशात आणि हाताच्या कंपाने हलणाऱ्या चित्रात आठपटीची दुर्बीण त्यामुळे उजवी ठरते. दोघांत एक असली तरी चालते, पण ती सॅकमध्ये नव्हे, गळ्यात असावी.

मोबाइलवर जंगलात भरवसा ठेवू नये, कारण अनेक ठिकाणी नेटवर्क नसते. नकाशे घरून उतरवून घ्यावेत आणि अक्षांश-रेखांश दशांश पद्धतीत दिसतील अशी सेटिंग सर्वांनी सारखी करावी. नागपूर शहर साधारण २१.१५ उत्तर आणि ७९.०९ पूर्व येथे आहे. तेव्हा वहीत पहिला आकडा ७९ दिसला तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली असे समजावे. ही चूक दरवर्षी होते. दहा हजार एमएएचची पॉवर बँक आणि खोलीमागे एक एक्स्टेंशन बोर्ड असावा, कारण मुक्कामाच्या दालनात दहा जणांमागे एकच प्लग असतो. डोक्याला बांधायची टॉर्च घेऊन तिच्या काचेवर लाल जिलेटिन कागद रबराने बसवावा; लाल प्रकाशात वही वाचता येते आणि अंधाराला सरावलेली नजर टिकते. दुसरी लहान टॉर्च वेगळी असावी, कारण रात्री प्रसाधनगृहाकडे जाताना पायाखाली पाहण्यासाठी पांढरा उजेडच हवा.

पाण्याची एक लिटरची बाटली एक किलोची असते, हे विसरून कोणी पाच बाटल्या भरतो आणि कोणी एकही नाही. थंडीत सकाळच्या फेरीला दोन लिटर पुरते. खाण्यासाठी फुटाणे, गूळ आणि संत्री घ्यावीत. आंबिया बहाराची संत्री याच दिवसांत येतात आणि ती पाण्याचेही काम करतात. सालपटे मात्र डब्यात परत आणावीत. वानरांना खाण्याची चटक लागली की पुढच्या गटाला त्रास होतो. चुरचुर वाजणारी वेष्टने घरीच सोडून खाऊ सुती पिशवीत न्यावा.

औषधांच्या बाबतीत मी काटकसर करू देत नाही. नेहमीची औषधे पाचऐवजी सात दिवसांची, ओआरएसची पाकिटे, ॲलर्जीची गोळी, जंतुनाशक, चिकटपट्ट्या, क्रेप बँडेज, लहान चिमटा आणि डास पळवणारे मलम एवढे प्रत्येकाकडे असावे. कशाची ॲलर्जी आहे, रक्तगट कोणता आणि घरी कोणाला कळवायचे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. विदर्भात नाग, मण्यार आणि घोणस हे विषारी साप आहेत. साप चावला तर करकचून बांधणे, कापणे किंवा चोखणे यांपैकी काहीही न करता चावा बसलेला अवयव न हलवता माणसाला आडवे करून लवकरात लवकर रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आणि जवळचे रुग्णालय, म्हणजे पेंचच्या बाजूला असाल तर रामटेकचे, यांची माहिती सर्वांच्या वहीत असावी, एकट्या शिक्षकांच्या मोबाइलमध्ये नव्हे. क्रेप बँडेज न्यायचे ते अवयव स्थिर ठेवणाऱ्या काठीवर सैल गुंडाळण्यासाठी.

सापापेक्षा कमी भीतीचा आणि म्हणूनच अधिक दुर्लक्षित धोका स्क्रब टायफस या तापाच्या आजाराचा आहे. २०१८ मध्ये नागपूर आणि परिसरात या आजाराचे बरेच रुग्ण आढळले, तेव्हा हे नाव शहरातील घराघरांत पोहोचले. गवतात आणि झुडपांत राहणाऱ्या अतिशय बारीक किड्यांच्या चिगर नावाच्या अळ्या चावल्याने तो होतो. अळी डोळ्यांना दिसत नाही आणि चावल्याचे कळतही नाही. म्हणून पँटचे टोक मोज्यांत खोचावे, आखूड पँट नेऊच नये, गवतावर थेट बसू नये (फोमचे आसन येथे दुसऱ्यांदा कामाला येते), धुतलेले कपडे झुडपांवर न वाळवता दोरीवर वाळवावेत आणि दोरीसाठी सुतळी व चिमटे सॅकमध्ये टाकावेत. जंगलातून आल्यावर साबणाने अंघोळ करून कपडे बदलावेत. त्यासाठी दिवसाचे कपडे दोन जोड आणि संध्याकाळचा स्वच्छ जोड एक, असे तीन पुरतात.

शिबिर उन्हाळ्यात असेल तर यादी उलटी होते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राण्यांची नोंद करण्यासाठी नागपुरातून पुष्कळ जण जातात; तेथे दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत खाली उतरता येत नाही, म्हणून माणशी चार-पाच लिटर पाणी, ओआरएस, ओला करून बांधायला दुपट्टा, न वाजणारा डबा आणि लघवीसाठी रुंद तोंडाची झाकणाची बाटली लागते. शेवटच्या वस्तूचा उल्लेख कोणत्याच सूचनापत्रात नसतो. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, व्याघ्रप्रकल्पांचे गाभा क्षेत्र पर्यटनासाठी बंद असते आणि अभ्यास बहुधा अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्स अशा शहरालगतच्या जागी होतो. अशा वेळी रेनकोटबरोबर छत्री घ्यावी, तिला कोणी हसले तरी. छत्रीखाली वही उघडता येते, रेनकोटमध्ये येत नाही. शिवाय तीच छत्री उलटी करून झुडपाखाली धरावी आणि फांदीवर काठीने हलकेच मारावे. पानांवरचे कोळी, भुंगे आणि ढेकणासारखे कीटक आत पडतात, ते मोजून पुन्हा सोडून द्यावेत. कीटकशास्त्रज्ञांची ही जुनी पद्धत आहे, आणि त्यासाठी फिकट रंगाची छत्री उत्तम.

प्रत्यक्ष भरताना सॅकच्या आत आधी जाड प्लास्टिकची मोठी पन्नी अंथरावी. धान्याच्या पोत्याच्या आतली चालते आणि वर्षानुवर्षे टिकते. तळाशी गोधडी आणि संध्याकाळचे कपडे, मध्ये पाठीला लागून जड वस्तू, वर स्वेटर आणि औषधे. टेप, दुर्बीण आणि काचेचा तापमापक बसच्या डिकीत जाणाऱ्या सॅकमध्ये न ठेवता हातातील लहान पिशवीत ठेवावेत. ओळखपत्राची मूळ प्रत आणि वनविभागाच्या परवानगीच्या छापील प्रती त्याच पिशवीत असाव्यात, कारण प्रवेशद्वारावर मोबाइलमधील फोटो उघडेपर्यंत सकाळचा पहिला तास जातो. मग भरलेली सॅक पाठीवर घेऊन रविवारी सेमिनरी हिल्सवर तासभर चालून यावे. खांद्याला काय रुतते ते तेथे कळते, आणि घरी येऊन दोन वस्तू काढल्याच जातात.

परतल्यावर सॅक कोपऱ्यात टाकू नये. गच्चीवर सर्व सामान उन्हात झटकावे, कपडे गरम पाण्यात धुवावेत, दोरीच्या चिंध्या तपासाव्यात आणि न वापरलेल्या वस्तूंची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावी. शिबिरानंतर तीन आठवड्यांच्या आत ताप आला, विशेषतः काखेत, कमरेजवळ किंवा गुडघ्यामागे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता डॉक्टरांकडे जावे आणि आपण जंगलात कोणत्या तारखांना होतो हे त्यांना आपणहून सांगावे. तारखा वहीत आहेतच.